जुन्या कन्सोलवरचे अनवट खेळप्रकार कसे शोधावेत?

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणी त्यांनी टीव्ही गेमवर कॉन्ट्रा, मारिओ, रोड फायटर असे खेळ मनसोक्त खेळले. आता नववीतल्या मुलासाठी त्यांनी एक जुना प्लेस्टेशन घेतला असून माळ्यावरचा आठ-बिटचा डबाही खाली काढला आहे. ‘विस्मृतीत गेलेले उत्तम खेळ’ अशा मथळ्याच्या याद्या त्यांनी बऱ्याच चाळल्या, पण सगळीकडे तेच ते खेळ फिरून येतात, आणि जे नवे नाव सापडते तेही शेवटी उड्या मारण्याचे, गोळ्या झाडण्याचे किंवा गाडी पळवण्याचेच निघते. पूर्वी कधी न पाहिलेला खेळप्रकार शोधायचा तर काय करावे, आणि मुलासोबत सुरुवात कशाने करावी, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ठाण्याच्या नौपाड्यात मी बरीच वर्षे जुने कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे, दुरुस्त करतो. यंत्रांबरोबर त्यांच्या कॅसेटी आणि सीड्याही हाताखालून जातात, आणि दुरुस्ती नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी खेळ लावून पाहावाच लागतो. त्या सवयीतून माझे एक मत पक्के झाले आहे. दुर्मीळ खेळ आणि अनवट खेळप्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या किमतीला विकली जाणारी दुर्मीळ कॅसेट पुष्कळदा अगदी सरधोपट खेळाची असते, आणि ज्याच्यासारखे दुसरे काही सापडत नाही असा खेळ जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळतो. म्हणून खेळाचे नाव, किंमत किंवा गुणांकन पाहण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: या खेळात खेळणाऱ्याच्या हाताला नेमके काय करावे लागते? उत्तर ‘पळणे, उडी मारणे, मारणे’ यांपलीकडचे असेल तर तिथे थांबावे, तो खेळ कोणी केला ते पाहावे आणि त्या माणसाने किंवा त्या कंपनीने आधी आणि नंतर काय केले याचा माग काढावा. माझ्या अनुभवात याहून खात्रीची दुसरी वाट नाही.

ही वाट तुमच्या माळ्यावरच्या डब्यापासूनच सुरू होते. आपल्याकडे जे टीव्ही गेम आले ते बहुतांशी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला होत्या. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला. नकलांबरोबर मिळणाऱ्या ‘इतके खेळ एकात’ छापाच्या कॅसेटींत त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले छोटे खेळ भरलेले असत, कारण ते कमी जागेत मावत. त्या काळात खेळांचे प्रकार अजून ठरलेले नव्हते, त्यामुळे त्या यादीच्या मधल्या आणि शेवटच्या पानांवर फार चमत्कारिक गोष्टी आहेत. मारिओ आणि टँक संपल्यावर आपण ज्या नावांवरून घाईघाईने पुढे सरकत होतो, तीच नावे आता पुन्हा उघडून पाहा.

उदाहरणार्थ बायनरी लँड. हडसन सॉफ्टने तो १९८५ मध्ये फॅमिकॉमसाठी काढला. पडद्यावर चक्रव्यूहाचे दोन अर्धे भाग आहेत, मधे भिंत आहे आणि दोन्हीकडे एकेक पेंग्विन आहे. बटण एकच, पण हालचाल आरशातल्यासारखी होते: तुम्ही उजवीकडे दाबले की एक पेंग्विन उजवीकडे जातो आणि दुसरा डावीकडे. वर-खाली मात्र दोघे बरोबरच चालतात. दोघांनाही वरच्या हृदयाच्या पिंजऱ्यापर्यंत न्यायचे असते, पण भिंतींची मांडणी दोन्हीकडे सारखी नसल्यामुळे एकजण अडतो आणि दुसरा पुढे निघतो. त्या अडण्याचाच उपयोग करून दोघांमधले अंतर जुळवायचे, हा सगळा खेळ आहे. एकजण कोळ्याच्या जाळ्यात अडकला तर त्याला सोडवायला दुसऱ्यालाच जावे लागते. एका हाताने दोन जीव चालवण्याचा हा प्रकार नंतरच्या काळात फार थोड्या खेळांनी हाताळला.

जालेकोचा फील्ड कॉम्बॅट, तोही फॅमिकॉमवर १९८५ चाच, दिसायला साधा गोळीबाराचा वाटतो. पण त्यात शत्रूचे सैनिक मारण्याऐवजी किरण सोडून पकडता येतात आणि नंतर आपल्या बाजूने रणांगणावर उतरवता येतात, म्हणजे आपले सैन्य शत्रूच्याच सैन्यातून उभे करायचे असते. कोनामीच्या अंटार्क्टिक ॲडव्हेंचरमध्ये तर शत्रूला मारणे असे काही नाहीच. एक पेंग्विन घड्याळाशी झुंजत एका तळावरून दुसऱ्या तळावर पळतो, एवढेच. आणि जपानी चौकोनी सोंगट्यांचा माजोंग व पटावर पाच सोंगट्या ओळीत आणण्याचा गोमोकू हे दोन्ही निन्टेन्डोने १९८३ मध्येच काढले होते. आपल्याला ते समजले नाहीत म्हणून आपण त्यांना ‘खराब गेम’ ठरवून टाकले. गोमोकूचा नियम मुलाला दोन मिनिटांत सांगता येतो.

आता माग काढणे म्हणजे काय, ते एका धाग्यावर सविस्तर दाखवतो, कारण पद्धत नुसती सांगून पटत नाही. अशा कॅसेटींच्या याद्यांत अधूनमधून डोअर डोअर नावाचा खेळ आढळतो. चेंडूसारखा एक छोटा नायक शिड्यांवरून फिरतो, पाठलाग करणाऱ्या प्राण्यांना दाराकडे ओढून आणतो आणि ते आत शिरले की दार लावून घेतो. हत्यार काहीच नाही. हा खेळ कोइची नाकामुरा यांनी विद्यार्थिदशेत संगणकासाठी लिहिला होता आणि एनिक्स कंपनीच्या स्पर्धेतून तो पुढे आला. नाकामुरांनी १९८४ मध्ये चुनसॉफ्ट ही कंपनी काढली आणि त्याच कंपनीने १९८६ मध्ये युजी होरी यांच्याबरोबर ड्रॅगन क्वेस्ट हा प्रचंड गाजलेला खेळ केला. याद्या इथे थांबतात. धागा मात्र इथून पुढे खरा रंगतो.

ड्रॅगन क्वेस्टसारखे यश मिळाल्यावर चुनसॉफ्टने १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलसाठी ओतोगिरिसो हा खेळ काढला आणि त्याला ‘साउंड नॉव्हेल’ असे नाव दिले. अपघातानंतर एक जोडपे आडरानातल्या वाड्यात आसरा घेते. पडद्यावर पार्श्वचित्र, त्यावर पूर्ण पडदा भरून मजकूर, आणि दाराची करकर, पाऊस, पावले यांचे आवाज. अधूनमधून दोन-तीन पर्याय येतात आणि त्यांवरून कथा वेगळ्या वाटेने जाते. एकदा संपवून पुन्हा सुरू केले की आधी नसलेले पर्याय दिसू लागतात, म्हणजे पुनर्वाचन हाच खेळाचा गाभा. १९९४ मध्ये आलेल्या कामाइताची नो योरू या दुसऱ्या खेळात बर्फाने वेढलेल्या विश्रामगृहात खून होतो. तिथे सगळी पात्रे केवळ निळसर छायाकृती म्हणून दाखवली आहेत, त्यामुळे चेहरे वाचकाला आपल्या मनाने भरावे लागतात. १९९८ मध्ये सेगा सॅटर्न या कन्सोलवर माची आला. त्यात टोकियोच्या शिबुया भागातल्या आठ माणसांच्या पाच दिवसांच्या कथा छायाचित्रांतून सांगितल्या आहेत, आणि एका माणसाने घेतलेला बारीकसा निर्णय दुसऱ्याच माणसाची कथा मधेच बंद पाडतो. मग मागे जाऊन पहिल्याचा निर्णय बदलायचा. याच जातीचा ४२८: शिबुया स्क्रॅम्बल २००८ मध्ये आला आणि २०१८ पासून इंग्रजीत संगणकावरही विकत मिळतो, त्यामुळे जपानी न येणाऱ्यांना या प्रकाराची पूर्ण चव घेण्याची तीच सोपी जागा आहे.

याच कंपनीने १९९३ मध्ये, ड्रॅगन क्वेस्टमधल्या तोर्नेको नावाच्या व्यापाऱ्याला नायक करून, दुसराही एक प्रकार कन्सोलवर रुजवला. प्रत्येक वेळी नव्याने रचले जाणारे भुयार, तुम्ही एक पाऊल टाकले की शत्रूचेही एकच पाऊल, आणि मेलात तर सारे गमावून पुन्हा पहिल्या मजल्यापासून. मूळ कल्पना १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या संगणकावरच्या खेळाची आहे, पण घरातल्या टीव्हीवर ती रुजवण्याचे काम या खेळाने आणि १९९५ च्या शिरेन या खेळाने केले. डोअर डोअरपासून शिरेनपर्यंतचे हे सारे एका कंपनीचे काम आहे आणि त्यात किमान तीन खेळप्रकार आहेत. ‘सुपर फॅमिकॉमचे सर्वोत्तम’ अशा यादीतून हा धागा दिसणे शक्य नव्हते.

याद्या का अपुऱ्या पडतात, हेही थोडक्यात सांगतो. इंग्रजीतल्या बहुतेक याद्या अमेरिकेत काय विकले गेले याभोवती फिरतात, आणि अमेरिकेत तेच पाठवले जाई जे तिथे खपेल असे विक्रेत्यांना वाटे. मजकुराने भरलेले, घोड्यांचे, मासेमारीचे, रेल्वेचे खेळ जपानमध्येच राहिले. जपानी मासिके खेळांची वर्गवारी तीन अक्षरी संक्षेपांनी करीत आणि त्यांतले दोन वर्ग आपल्या कामाचे आहेत. पहिला ‘एसएलजी’, म्हणजे सिम्युलेशन. यात लढाईचे पटही येतात आणि ज्यांना दुसरीकडे घरच मिळणार नाही असे खेळही येतात. दुसरा ‘ईटीसी’, म्हणजे कुठल्याच कप्प्यात न बसलेले. एखाद्या कन्सोलची जपानी यादी हाती लागली तर सरळ या दोन वर्गांकडे जा.

एसएलजीच्या कप्प्यात काय काय आहे? १९९१ पासूनची डर्बी स्टॅलियन मालिका, जिच्यात शर्यत धावण्यापेक्षा कोणत्या घोड्याचा कोणत्या घोडीशी संकर करायचा याचा विचार अधिक चालतो. कोएई कंपनीचा १९९२ चा विमान कंपनी चालवण्याचा खेळ, ज्यात उड्डाणांचे हक्क, विमानांची खरेदी आणि तिकिटांचे दर यांच्यावर मित्र-मित्र तासन्‌तास वाद घालू शकतात. त्यांच्याच शेजारी ठेवावा असा पॅक-इन-व्हिडिओ कंपनीचा १९९० चा मासेमारीचा आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ), जिथे गळ टाकण्यातूनच पुढे सरकायचे. याच कंपनीने पुढे १९९६ मध्ये हार्वेस्ट मून प्रकाशित केला, आणि नांगरणी, पेरणी, गोठा आणि शेजारपाजार यांच्यावर उभा राहिलेला एक अख्खा खेळप्रकार त्यातून जन्माला आला. मासेमारीतून शेतीकडे हा प्रवास मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण दोन्हीकडे वाट पाहणे हीच खेळाडूची मुख्य क्रिया आहे.

एखाद्या कंपनीचा माग काढावा असा दुसरा उत्तम नमुना म्हणजे ह्यूमन एंटरटेनमेंट. तिची ओळख कुस्तीच्या फायर प्रो मालिकेमुळे, पण १९९३ ते १९९५ या तीन वर्षांत तिने सुपर फॅमिकॉमवर जे तीन खेळ दिले ते एकत्र ठेवून पाहावेत. १९९३ च्या सेप्टेन्ट्रिओनमध्ये (बाहेर तो एसओएस या नावाने आला) बुडणाऱ्या जहाजातून बाहेर पडायचे असते. जहाज कलंडते तसा सगळा पडदा फिरतो. मघाशी जी भिंत होती तिच्यावरून चालावे लागते, आणि दार छताला गेल्यावर तिथे पोचायचे कसे हा प्रश्न पडतो. हाती खरोखरीचा एक तास असतो. मार खाल्ला तर जीव जात नाही, वेळ जातो. वाटेत भेटलेल्या प्रवाशांना बरोबर न्यायचे की एकट्याने सुटायचे, हे तुम्हीच ठरवायचे.

१९९४ चा द फायरमेन हा पेटलेल्या इमारतीत शिरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांचा खेळ. दोन प्रकारचे फवारे आहेत, एक समोर दूरवर जाणारा आणि एक पायाजवळ सरपटणाऱ्या आगीसाठी. आग हाच शत्रू असल्यामुळे ती खोलीत कशी पसरते, दार उघडल्यावर काय होईल, कोणती ज्वाळा आधी विझवली तर मागे फिरायला वाट राहील, असा विचार करावा लागतो. साथीदार कुऱ्हाड घेऊन आपणहून मदत करतो. हा खेळ युरोपातही निघाला होता, त्यामुळे इंग्रजी मजकुराची प्रत अस्तित्वात आहे. तिसरा १९९५ चा क्लॉक टॉवर. मोठी कात्री घेऊन पाठीस लागलेल्या मारेकऱ्यापासून एका मुलीला वाचवायचे असते, पण तिच्या हाती लढण्यासारखे काहीच नसते. लपणे, पळणे, दार लावणे, एवढेच हाती. तुम्ही मुलीला थेट चालवतही नाही, बाण नेऊन ‘इथे जा’ असे सुचवता, आणि ती घाबरली की अडखळते. त्या अंतरामुळेच भीती वाढते. याचे अधिकृत इंग्रजी पुनर्प्रकाशन २०२४ मध्ये झाले आहे, मात्र नववीतल्या मुलाला देण्याआधी तुम्ही स्वतः खेळून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

एका कंपनीत लागोपाठ तीन वेळा ‘शत्रूला मारणे’ ही क्रिया काढून टाकली गेली आणि तिच्या जागी पाणी, आग आणि भय आले. पुढे २००२ मध्ये इरेम कंपनीने प्लेस्टेशन २ साठी भूकंपग्रस्त शहरातून सुटकेचा जो खेळ काढला, तो याच कुळातला मानावा. भयाच्या बाजूने मागे जायचे असेल तर कॅपकॉमचा १९८९ चा फॅमिकॉमवरचा स्वीट होम पाहा. पाच माणसे, प्रत्येकाकडे एकच खास वस्तू, मेलेला माणूस परत येत नाही, आणि त्याची वस्तू जे काम करीत असे ते आता कसे भागवायचे हा पेच. तोकुरो फुजिवारा यांनी तो केला, आणि तेच पुढे १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिल या भयखेळाचे निर्माते होते.

आता तुमच्या प्लेस्टेशनकडे वळू. विचित्र खेळ त्यावर इतके का सापडतात याचे कारण बरेचसे आर्थिक आहे. कॅसेट म्हणजे चिप बसवलेली पाटी. ती बनवणे महाग, मागणी आगाऊ नोंदवावी लागे, आणि न खपलेला माल अंगावर पडे. सीडी छापणे त्या मानाने फारच स्वस्त. डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशन आला तेव्हा लहान कंपन्यांना, संगीतकारांना, चित्रकारांना पहिल्यांदा धोका पत्करणे परवडू लागले, आणि सोनीनेही नवोदितांकडून कल्पना मागवल्या. म्हणून माझा सल्ला असा की कुठल्याही कन्सोलवर शोध घेताना, त्यासाठी खेळ काढणे कोणत्या वर्षी स्वस्त झाले ते आधी पाहावे. प्लेस्टेशनच्या बाबतीत १९९५ ते १९९९ हा पट्टा नीट चाळावा.

या पट्ट्यातली आर्टडिंक ही कंपनी माझ्या फार आवडीची. रेल्वेचे जाळे उभारण्याच्या ए-ट्रेन मालिकेसाठी ती प्रसिद्ध, पण १९९५ मध्ये तिने दोन टोकांचे खेळ दिले. ॲक्वानॉट्स हॉलिडेमध्ये तुम्ही पाणबुडी घेऊन समुद्रतळाशी हिंडता, मासे पाहता, प्रवाळ वाढवता. हरणे नाही, गुण नाहीत. त्याच वर्षाच्या कार्नेज हार्टमध्ये यंत्रमानवांची लढाई असते, पण लढाई सुरू झाल्यावर तुमच्या हाती काहीच उरत नाही. आधी एका चौकटीत लहान लहान आज्ञांच्या फरशा मांडून यंत्राला विचार शिकवायचा: समोर शत्रू आहे का, असल्यास झाड, नसल्यास वळ, गोळी येत असेल तर बाजूला हो. मग बसून पाहायचे. आपला यंत्रमानव भिंतीला धडकून तिथेच फिरत राहिला की कुठली फरशी चुकली ते शोधायला पुन्हा मागे. तुमचा मुलगा शाळेत संगणक शिकत असेल तर त्याला हा खेळ एखाद्या पाठ्यपुस्तकाइतका उपयोगी पडेल.

१९९९ चा व्हिब-रिबन घरात सगळ्यांना एकत्र बसवून दाखवावा असा आहे. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ आणि तिच्यावर चालणारा रेषांचा ससा, एवढीच चित्रे. रेघेत चार प्रकारचे अडथळे येतात, प्रत्येकासाठी एक बटण, आणि पुढेपुढे दोन अडथळे एकमेकांत मिसळतात. खेळ इतका लहान आहे की तो पूर्णपणे यंत्राच्या स्मृतीत मावतो. त्यामुळे त्याची सीडी काढून त्याजागी घरातली कुठलीही गाण्यांची सीडी घालता येते, आणि खेळ त्या गाण्यावरून अडथळ्यांची रेघ तयार करतो. संथ भावगीत आणि ढोलकीवरची लावणी लागोपाठ लावून पाहा, म्हणजे यंत्र गाणे कसे ऐकते ते मुलाला आपोआप कळेल. सीडी ऑडिओची हवी, एमपीथ्री भरलेली चालत नाही. आणि नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून तालाचे खेळ खेळताना टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा किंवा जुना जाड टीव्ही वापरावा. १९९८ चा एलएसडी: ड्रीम एम्युलेटर याच काळातला. एका व्यक्तीच्या स्वप्नांच्या रोजनिशीवर तो आधारलेला आहे. तुम्ही चालता, कशाला स्पर्श झाला की दुसऱ्याच जागी पोचता, आणि थोड्या वेळाने स्वप्न मोडते. त्याबद्दल अधिक सांगून उपयोग नाही, तो पाहावाच लागतो.

शोधाची तिसरी वाट म्हणजे कन्सोलला जोडायची वेगळी साधने. साधन बदलले की हाताची क्रिया बदलते, आणि क्रिया बदलली की प्रकार बदलतो. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर मायक्रोफोन होता, आणि ताकेशी नो चोसेन्जो (१९८६) या खेळात त्यात खरोखर गावे लागते. सेगाच्या ड्रीमकास्ट या कन्सोलवर सीमॅन (१९९९) नावाच्या माणसाच्या तोंडाच्या माशाशी बोलावे लागते आणि तो उलट प्रश्न विचारतो. २००३ च्या बोकताई या, गेमबॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या कॅसेटवर उजेड मोजणारा संवेदक आहे. नायकाची बंदूक उन्हाने भरते, म्हणून खेळायला गच्चीवर जावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यात त्या खेळात प्रगती होणे कठीणच.

पण ठाण्यात राहणाऱ्या माणसाने या वाटेवरचा जो खेळ जरूर खेळावा तो म्हणजे ताइतोचा देन्शा दे गो. १९९६ मध्ये तो गेम पार्लरच्या यंत्रावर आला आणि १९९७ च्या अखेरीस प्लेस्टेशनवर. त्यात तुम्ही जपानमधल्या लोकलचे मोटरमन असता. दोन दांड्यांचे खास साधन मिळते, डावीकडे वेग आणि उजवीकडे ब्रेक. गाडी वेगात नेण्यात काहीच कौशल्य नाही. कौशल्य आहे ते वेळापत्रकाच्या सेकंदाला स्टेशनात शिरण्यात आणि ठरलेल्या खुणेवर थांबण्यात. ब्रेक दोन-तीन टप्प्यांत लावायचा, वेग उतरू लागला की दांडी हळूहळू सोडत आणायची, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये गाडी जवळजवळ आपल्याच वजनाने खुणेवर येऊन टेकली पाहिजे. घाईने दाबलात तर उभ्या प्रवाशांना झटका बसतो आणि गुण कापले जातात, उशिरा दाबलात तर गाडी खुणेच्या पुढे जाते. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली आणि आज आपले सारे दिवस लोकलच्या घड्याळावर चालतात, पण फलाटावर बारा डबे नेमक्या जागी उभे करणे म्हणजे काय, हे मला तरी या खेळाने शिकवले. खास साधन मिळाले नाही तर साध्या रिमोटवरही खेळता येतो. मजा कमी होते, प्रकार तोच राहतो.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. जपानी कन्सोल १०० व्होल्टवर चालतात. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ लावले तर ते जळतात, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्यावा आणि कन्सोल नंतर. मूळ फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या तारेतून चित्र देतो आणि त्याची वाहिनी आपल्या टीव्हीवर सहसा लागत नाही. त्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. खाडीजवळच्या दमट हवेत, ऐरोलीत तर विशेषच, कॅसेटच्या पट्ट्या लवकर काळ्या पडतात. फुंकर मारण्याने त्यांवर आणखी ओलावा बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून वाळू द्यावे आणि कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. चोरीच्या प्रती उतरवण्याऐवजी जे अधिकृतपणे पुन्हा निघाले आहे ते आधी विकत घ्यावे. वर सांगितलेल्या खेळांतले काही संगणकावर मिळतात, आणि १९९७ चा मून हाही आता इंग्रजीत मिळतो. एका वीराने मारलेल्या प्राण्यांचे आत्मे वाचवत फिरण्याचा तो खेळ असून आरपीजी खेळांच्या सगळ्या रिवाजांना त्याने प्रश्न विचारला आहे.

भाषेची अडचण खरी आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. साउंड नॉव्हेल भाषेशिवाय व्यर्थ. डर्बी स्टॅलियनसारख्या खेळात मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करीत काम चालते, कारण पाट्या त्याच त्याच असतात. देन्शा दे गो, व्हिब-रिबन, ॲक्वानॉट्स हॉलिडे, एलएसडी यांना भाषा जवळजवळ लागतच नाही. म्हणून शोधाची सुरुवात भाषा न लागणाऱ्यांपासून करावी आणि हाताला सवय झाली की मजकुराकडे जावे.

एक वही ठेवा, असेही सांगेन. प्रत्येक खेळापुढे नाव, वर्ष, कंपनी आणि एका वाक्यात ‘हाताने काय केले’ एवढेच लिहायचे. ‘दार लावले’, ‘वाट पाहिली’, ‘आज्ञा मांडल्या’, ‘लपलो’, अशी क्रियापदे एकाखाली एक आली की कुठले क्रियापद पुन्हा कुठे भेटले ते दिसू लागते, आणि पुढचा शोध त्या क्रियापदाने घ्यावा. खेळ संपल्यावर येणारी नामावळी बंद न करता तिचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण पुढचा धागा तिथल्याच एखाद्या नावाला बांधलेला असतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: माळ्यावरचा डबा चालू असेल तर बायनरी लँडने सुरुवात करा, तुम्ही आणि मुलगा आळीपाळीने. त्याला तो आरशाचा हिशोब जमला की प्लेस्टेशनवर व्हिब-रिबन द्या, आणि मग त्याला आज्ञा मांडायला आवडतात की भटकायला, त्यानुसार कार्नेज हार्ट किंवा ॲक्वानॉट्स हॉलिडे. देन्शा दे गो तुम्ही स्वतःसाठी घ्या. दोन दांड्यांचे साधन जुने मिळाले तर विकत घेण्याआधी ब्रेकची दांडी प्रत्येक खाचेवर स्वतंत्रपणे थांबते आहे ना, हे हाताने फिरवून तपासा. आतले संपर्क झिजले की मधल्या एक-दोन खाचा लागत नाहीत आणि मग खुणेवर थांबणे शक्य होत नाही.